नवा रुग्ण, जुना आजार : नोंदणी सुलभ झाली, पूर्वेतिहासाचे काय?

मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात प्रथमच येणाऱ्या रुग्णाच्या हातात बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असते. जुने केसपेपर, रक्त-लघवीच्या तपासणीचे अहवाल, क्ष-किरण चित्रे, संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे असा सारा ऐवज तीत जपून ठेवलेला असतो. रुग्णालयाच्या लेखी तो ‘नवा रुग्ण’ असतो. त्याचा मधुमेह मात्र दहा वर्षांचा जुना असू शकतो. नव्या रुग्णाची नोंदणी विनासायास व्हावी यासाठी गेल्या दशकात देशभर प्रयत्न झाले आणि त्यांना बऱ्याच अंशी यशही आले. तथापि, रुग्णाबरोबर त्याचा वैद्यकीय पूर्वेतिहास नव्या डॉक्टरपर्यंत पोहोचतो काय, या प्रश्नाचे उत्तर अद्याप समाधानकारक नाही.

सरकारी रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागाची वेळ घरबसल्या ठरविण्याची ऑनलाइन सुविधा जुलै २०१५ मध्ये ‘डिजिटल इंडिया’ कार्यक्रमांतर्गत सुरू झाली. त्यानंतर २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ झाला. या मोहिमेत नागरिकांना ‘आभा’ हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक दिला जातो. आजवर सत्तर कोटींहून अधिक क्रमांक देण्यात आले आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ‘स्कॅन अँड शेअर’ सेवेचा प्रयोग झाला. रुग्णाने प्रवेशद्वाराजवळचा क्यूआर कोड मोबाईलवर टिपायचा, आपली माहिती पाठविण्यास संमती द्यायची आणि टोकन क्रमांक घेऊन खिडकीवर जायचे, अशी ही पद्धत आहे. पुढे ती अनेक राज्यांतील रुग्णालयांनी स्वीकारली.

नोंदणीच्या खर्चाचा भारही काही ठिकाणी हलका झाला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने, म्हणजेच एम्सने, बाह्यरुग्ण नोंदणीचे दहा रुपयांचे शुल्क नोव्हेंबर २०२२ पासून रद्द केले. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले.

या सुधारणांचे महत्त्व नाकारता येणार नाही. परगावाहून रात्रीच्या गाडीने येऊन पहाटेपासून रांगेत उभ्या राहणाऱ्या रुग्णाला वाचलेला प्रत्येक तास मोलाचा असतो. मात्र, कोड टिपल्यानंतर रुग्णालयाच्या संगणकात जाते ती रुग्णाचे नाव, वय, लिंग, पत्ता आणि मोबाईल क्रमांक एवढीच माहिती. ही रुग्णाची ओळख झाली. त्याच्या आजाराची नव्हे.

आजाराची माहिती पुढे जाण्यासाठी आधीच्या डॉक्टरने ती संगणकावर नोंदविलेली असावी लागते आणि ती रुग्णाच्या आभा क्रमांकाशी जोडलेली असावी लागते. येथेच साखळी तुटते. देशातील असंख्य दवाखान्यांत आजही औषधे हातानेच लिहून दिली जातात. कायद्याची चौकटही याबाबतीत अपुरी आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांचे अभिलेख तीन वर्षे जतन करणे आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत उपलब्ध करून देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. बाह्यरुग्णांच्या नोंदी जपण्याबाबत मात्र तीत अशी मुदत घातलेली नाही. परिणामी बाह्यरुग्णाचा इतिहास त्याच्या पिशवीतच राहतो. पावसात कागद भिजले अथवा स्थलांतरात पिशवी हरवली, की तो इतिहास पुसला जातो.

मेडिसिन विभागात ही उणीव विशेष जाणवते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह आणि सुमारे ३१.५ कोटी व्यक्तींना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज आहे. या विकारांत आजची एक मोजणी पुरेशी नसते. रक्तातील साखर कधीपासून वाढली, मूत्रपिंडाचे कार्य वर्षभरात किती घटले, कोणत्या औषधाने त्रास झाला, हे समजल्याशिवाय पुढील उपचार ठरविणे अवघड जाते. एकच औषध दोन डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या व्यापारी नावांनी लिहून दिले आणि रुग्णाने दोन्ही घेतले, तर जिवावर बेतू शकते.

हे सारे विचारण्यास डॉक्टरकडे वेळ किती असतो? ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार भारतात प्राथमिक तपासणीसाठी रुग्णाला सरासरी सुमारे दोन मिनिटे मिळतात. स्वीडनमध्ये हाच कालावधी वीस मिनिटांहून अधिक आहे. दोन मिनिटांत पिशवीतील कागद लावून वाचणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नाही. त्यामुळे तपासण्या पुन्हा सांगितल्या जातात. खर्च वाढतो आणि रुग्णाची एका दिवसाची मजुरीही बुडते.

याचा सर्वाधिक फटका स्थलांतरित श्रमिकांना बसतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही जातात. रक्तदाबाच्या गोळ्या एका गावी सुरू होतात, संपतात दुसऱ्याच गावी. प्रत्येक नव्या दवाखान्यात त्यांना पुन्हा ‘नवा रुग्ण’ व्हावे लागते.

संगणकीय नोंदी हा यावरील मार्ग असला, तरी तो निर्धोक नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. संगणक यंत्रणा ठप्प झाल्याने रुग्णालयाचे कामकाज अनेक दिवस हाताने चालवावे लागले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. आभा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. स्मार्टफोन नसलेल्या वृद्धाला खिडकीवरून परत पाठविले जाऊ नये, ही दक्षताही तितकीच आवश्यक आहे.

यंत्रणा परिपूर्ण होईपर्यंत काही साधे उपाय योजता येतील. प्रत्येक भेटीनंतर निदान, चालू औषधांची मूळ नावे, वर्ज्य औषधे आणि अखेरच्या तपासण्यांचे आकडे एवढा एक पानी सारांश रुग्णाच्या हाती देता येईल. प्रशिक्षित परिचारिकेने पूर्वेतिहास आधीच टिपून ठेवल्यास डॉक्टरची दोन मिनिटे सत्कारणी लागतील. पहिल्या भेटीसाठी अधिक वेळ राखून ठेवणेही गरजेचे आहे. त्यासाठी डॉक्टरांची रिक्त पदे भरावी लागतील. ते काम कोणत्याही संगणक प्रणालीकडून होणारे नाही.

नोंदणीच्या खिडकीवरील रांग किती घटली, याचे आकडे आज सहज उपलब्ध होतात. किती रुग्णांचे जुने अहवाल नव्या डॉक्टरने प्रत्यक्षात पाहिले, याचीही मोजदाद सुरू झाल्यास या मोहिमेच्या यशाचे खरे मोजमाप करता येईल.