शेवटच्या बेटापर्यंत

सव्वीस हजार वस्तीच्या द्वीपसमूहाला वृद्धांच्या मनोविकारांचा तज्ज्ञ डॉक्टर पुरवणे परवडते काय, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गात टाकला तर उत्तर ठरलेले असते. दरडोई खर्च काढायचा, शहरातील खर्चाशी ताडून पाहायचा आणि नकारार्थी मान हलवायची. अध्यापनाच्या वर्षांत हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले. त्यातली बेरीज-वजाबाकी चुकलेली नसते. मांडणीच अपुरी असते. डॉक्टर पुरवला नाही, तर त्याची किंमत कोण मोजतो आणि किती वर्षे मोजतो, याला त्या हिशेबात रकानाच नसतो. समाजवादी विचार मानणाऱ्यांनी हा रकाना उघडला पाहिजे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

उदाहरण दूरचे आहे, पण बोधप्रद आहे. स्कॉटलंडच्या वायव्येला अटलांटिक महासागरात आउटर हेब्रिडीज नावाची बेटे आहेत. लुइस, हॅरिस, नॉर्थ युइस्ट, बेनबेक्युला, साउथ युइस्ट, बॅरा अशी ही रांग उत्तर-दक्षिण सुमारे १३० मैल पसरली आहे. २०२२ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे २६ हजार भरली. तरुण मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी ग्लासगो-एडिंबरोकडे जातात, म्हातारे मागे राहतात. दर चार माणसांतील एकाहून अधिक जण पासष्टी ओलांडलेले आहेत. बॅरा बेटावर विमान उतरते ते समुद्राच्या पुळणीवर, आणि त्याचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. हिवाळी वादळांत बोटी रद्द होणे ही तर नित्याची गोष्ट. अशा ठिकाणी वृद्धांच्या मनाचा डॉक्टर काय करतो, आणि तो तेथे पोहोचला तरी कसा?

बाजाराने त्याला तेथे पाठवले नाही, हे प्रथम नोंदले पाहिजे. १९११ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. तो पगारी कामगारांसाठी होता. बेटांवरचा क्रॉफ्टर, म्हणजे खंडाच्या तुटपुंज्या तुकड्यावर राबणारा आणि जोडीला मासेमारी करणारा शेतकरी, कोणाचाच पगारी नोकर नव्हता. म्हणून तो विम्याच्या बाहेर राहिला. त्याची अवस्था पाहण्यासाठी सर जॉन ड्युअर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ही समिती बेटोबेटी हिंडली, तिने साक्षी घेतल्या आणि १९१२ च्या अखेरीस अहवाल दिला. कित्येक गावांत माणसे डॉक्टरचे तोंड न पाहता मरत होती आणि मृत्यूचे कारण सांगणारा वैद्यकीय दाखलाही मिळत नव्हता, असे तिला आढळले. त्यातून १९१३ मध्ये 'हायलँड्स अँड आयलंड्स मेडिकल सर्व्हिस' उभी राहिली. वर्षाला ४२ हजार पौंडांचे सरकारी अनुदान, डॉक्टरला किमान उत्पन्नाची हमी, प्रवासखर्च, राहण्यासाठी घर, परिचारिकांची नेमणूक आणि रुग्णाला झेपेल एवढीच फी, असे तिचे स्वरूप होते. १९३३ साली आयले बेटावरील एका अत्यवस्थ रुग्णाला विमानाने ग्लासगोला नेण्यात आले आणि हवाई रुग्णसेवेचा प्रारंभ झाला. १९४८ साली साऱ्या ब्रिटनसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा तिची एक छोटी रंगीत तालीम या दरिद्री बेटांवर ३५ वर्षे चालून गेली होती.

हे अनुदान सरकारच्या दयाबुद्धीतून आले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्याच्या आधी तीस वर्षे याच क्रॉफ्टरांनी जमीनदारांविरुद्ध लढा दिला होता. १८८२ साली स्काय बेटावर पोलिसांशी झालेली त्यांची झटापट प्रसिद्ध आहे. त्यातून चौकशी आयोग आला आणि १८८६ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. ज्यांनी जमिनीवर हक्क सांगितला, त्यांच्या आरोग्याचा प्रश्नही पुढे सरकारला टाळता आला नाही. त्या लढ्याचा धागा अजून तुटलेला नाही: २००६ साली साउथ युइस्ट आणि शेजारच्या बेटांवरील सुमारे ९३ हजार एकरांची जमीनदारी तेथील रहिवाशांनी सामूहिक मालकीत घेतली.

परंतु शरीराचा डॉक्टर आला, तरी मनाचा डॉक्टर यायला फार वर्षे लागली. तोवर मनोरुग्णाला बेटाबाहेर नेणे हाच मार्ग होता. हेब्रिडीजच्या रुग्णांची रवानगी इनव्हर्नेसच्या क्रेग ड्युनेन या मोठ्या मनोरुग्णालयात होई. साउथ युइस्टच्या अँगस मॅकफी यांची हकीकत आज ग्रंथरूपाने प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात हा शेतकऱ्याचा मुलगा सैन्यात गेला, तेथे आजारी पडला, आणि पुढची सुमारे ५० वर्षे त्याने क्रेग ड्युनेनमध्ये काढली. तो जवळजवळ बोलत नसे. आवारातील गवत उपटून तो त्याचे अंगरखे, टोप्या, पादत्राणे विणी, आणि ती वाळली की पाचोळ्याबरोबर जाळली जात. १९७७ मध्ये जॉइस लेंग या कलोपचारतज्ज्ञ बाईंनी ते विणकाम पाहिले, तेव्हा कुठे जगाला त्याचे मोल कळले. त्याचा आजार म्हातारपणाचा नव्हता. पण त्याचे म्हातारपण मात्र तेथेच आले. अखेरच्या दिवसांत तो आपल्या बेटावर परतला आणि १९९७ साली वारला. दरडोई खर्चाचे कोष्टक मांडणाऱ्याने ही पन्नास वर्षे कोणत्या खात्यावर टाकायची, ते सांगावे.

आता त्या डॉक्टरच्या प्रत्यक्ष कामाकडे वळू. म्हातारपणात मन बिघडणे म्हणजे 'वय झाले' असा समज आपल्याकडे आहे, तसा तो युरोपातही होता. मार्टिन रॉथ यांनी १९५५ साली दाखवून दिले की, वृद्ध मनोरुग्ण सारे एकाच माळेचे नसतात. उदासीनतेच्या विकाराने खचलेला वृद्ध बहुधा बरा होऊन घरी जातो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची वाट वेगळी असते. समजा, बॅरावरची ऐंशी वर्षांची एक विधवा रात्री झोपत नाही, घरात कोणी वावरते म्हणते, चुलीवर ठेवलेले विसरते. हा स्मृतिभ्रंश असेल. नवरा गेल्यानंतरची उदासीनता असेल. लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्गाने किंवा एखाद्या औषधाने आलेली बुद्धीची तात्पुरती भ्रांती असेल. थायरॉइडचा दोष किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असेल. नुसता बहिरेपणा आणि मोतीबिंदूही असेल. यांपैकी कित्येक गोष्टी उपचाराने सुधारतात. 'वय झाले' म्हणून त्या सोडून दिल्या, तर बरे होणारे माणूस कायमचे जाते. हा भेद करणे हेच या तज्ज्ञाचे पहिले काम आहे.

हा भेद रुग्णालयाच्या खोलीत बसून होत नाही. टॉम एरी यांनी १९६९ पासून पूर्व लंडनच्या गुडमेझ रुग्णालयात हा पायंडा पाडला की, वृद्ध रुग्णाला दाखल करून घेण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन पाहायचे. कपाटात अन्न आहे का, चूल पेटते का, शेजारी येतो का, हे कळल्यावाचून निदान अपुरे राहते. ब्रिटनमध्ये या शाखेला स्वतंत्र मान्यता मिळाली ती १९८९ साली. बेटांवर तर घरभेटीवाचून गत्यंतरच नाही, आणि तेथे खरा कणा डॉक्टर नसून गावोगाव फिरणारी परिचारिका असते. डॉक्टर बोटीने किंवा विमानाने येतो-जातो. परिचारिका तेथेच असते. मात्र लहान वस्तीत कोणाची मोटार कोणाच्या दारात उभी आहे, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. मनोविकाराची लाज बाळगणाऱ्या कुटुंबाला ही भेटच नकोशी होते. म्हणून विश्वास संपादन करणे हा तेथे शिष्टाचाराचा भाग नाही, उपचाराचाच भाग आहे.

दुसरी बाब भाषेची. २०११ च्या जनगणनेत या बेटांवरचे निम्म्याहून अधिक लोक गेलिक बोलणारे होते. त्यांच्या घरची भाषा गेलिक, शाळेची इंग्रजी. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गेलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता. स्मृती ढासळू लागली की मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि आईची भाषा उरते. अशा म्हाताऱ्याला परगावच्या डॉक्टरने इंग्रजीत प्रश्न विचारले, तर तो आहे त्याहून अधिक विस्मरणशील ठरतो. १९७५ पासून प्रचारात असलेल्या स्मृतिचाचणीत 'आपण कितव्या मजल्यावर आहोत' असाही प्रश्न आहे. बैठ्या घरात जन्म काढलेल्या माणसाची परीक्षा असल्या प्रश्नाने होत नाही. चाचणी ज्या समाजात तयार होते, त्या समाजाचे राहणीमान ती बरोबर घेऊन येते.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, असे जुने, एकोप्याचे समाज आपल्या वृद्धांना आपणच सांभाळतात. सरकारने त्यात लुडबूड करू नये. हा आक्षेप गोड आहे आणि म्हणूनच फसवा आहे. 'समाज सांभाळतो' याचा अर्थ बहुतेक वेळा एक मुलगी किंवा एक सून सांभाळते. ती शहरातली नोकरी सोडून परत येते, रात्र-रात्र जागते, आणि तिचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत. स्कॉटलंडने २००२ सालच्या जुलैपासून ६५ वर्षांवरील गरजूंची वैयक्तिक शुश्रूषा, म्हणजे आंघोळ घालणे, कपडे चढवणे, भरवणे, मोफत केली. मुदत, मिळकत न पाहता केवळ गरज पाहून. १९९९ साली ब्रिटनच्या राजकीय आयोगाने केलेली ही शिफारस इंग्लंडच्या सरकारने मात्र स्वीकारली नाही. या निर्णयाने कुटुंब मोडले नाही. कुटुंबातल्या स्त्रीच्या खांद्यावरचा भार थोडा समाजाने उचलला.

दुसरा आक्षेप आजचा आहे: पडद्यावर डॉक्टर दिसतो, मग तो बेटावर जावा कशाला? २०२० च्या महामारीनंतर स्कॉटलंडमध्ये दृक्श्राव्य सल्ल्याचा पुष्कळ विस्तार झाला, आणि वादळात अडकलेल्या रुग्णाला त्याचा उपयोगही आहे. परंतु बहिऱ्या, गोंधळलेल्या, भ्यालेल्या म्हाताऱ्याला पडद्यावरचे तोंड म्हणजे आणखी एक भास वाटू शकतो. यंत्र हे भेटीला पूरक असावे. भेटीच्या जागी ते आले, की शहराला डॉक्टर आणि बेटाला चित्र, अशी वाटणी होते.

त्या व्यवस्थेचा गौरव करताना तिची दुखणीही लपवू नयेत. दूरच्या बेटांवर कायम नेमणुकीला तज्ज्ञ मिळत नाहीत. जादा मोबदला देऊन बदली डॉक्टर आणावे लागतात, आणि दर नव्या डॉक्टरपुढे रुग्णाला आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. घरे पर्यटकांच्या सुटीसाठी विकली जातात आणि परिचारिकेला राहायला जागा मिळत नाही. शुश्रूषा करणारी माणसे कमी पडतात. म्हणजे हक्क कायद्यात असला तरी तो बजावणारे हात हवेत, आणि हातांना घर, पगार व प्रतिष्ठा हवी. वेल्समधील खाणकामगारांचे डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ साली मांडलेला नियम प्रसिद्धच आहे: जेथे गरज अधिक तेथे चांगली वैद्यकीय सेवा कमी, आणि बाजाराला मोकळीक जितकी जास्त तितके हे व्यस्त प्रमाण तीव्र. ते स्वतः समाजवादी होते. स्कॉटलंडमध्ये आरोग्य मंडळांना पैसा वाटताना वृद्धांची संख्या, दारिद्र्य आणि दुर्गमतेचा अपरिहार्य जादा खर्च हिशेबात धरतात. डोकी मोजण्याऐवजी गरजा मोजण्याचा हा प्रयत्न म्हणजे त्याच नियमाला दिलेले उत्तर होय.

आपला याच्याशी संबंध काय? ज्या युद्धकाळात ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेची आखणी होत होती, त्याच काळात आपल्याकडे भोर समिती काम करीत होती. ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे तत्त्व तिने १९४६ साली मांडले. तिकडे ते अमलात आले, इकडे अहवालात राहिले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ साली तो जिल्ह्यांकडे नेण्याचे ठरले; तरी लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ आपल्या वाट्याला येत नाही. साठीपुढील भारतीयांपैकी सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. कोकणातल्या कित्येक वाड्यांना समुद्राने वेढलेले नाही, पण पावसाळ्यात त्या बेटेच होतात. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून गावी परतलेला कामगार आज तेथे म्हातारा झाला आहे. मुलगा मुंबईत, सून मुंबईत. घरात दोन म्हातारी माणसे आणि बाहेरून घातलेली कडी. ती कडी कोणी दुष्टपणे घातलेली नसते. म्हातारा रात्री विहिरीकडे चालू लागतो, आणि म्हातारीला डोळा लागू द्यायचा असतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आरोग्याच्या मागण्या मांडताना केवळ रुग्णालयाच्या इमारतीवर थांबू नये. घरी येणारी, मनोविकाराचे शिक्षण घेतलेली परिचारिका प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळाली पाहिजे. तपासणी मालवणीत, अहिराणीत, गोंडीत, म्हणजे रुग्णाच्या घरच्या भाषेत झाली पाहिजे. शुश्रूषेत अडकलेल्या स्त्रीला महिन्यातून काही दिवस तरी सुटका आणि तिच्या श्रमाला मोबदला मिळाला पाहिजे. दुर्गम भागातील पदे कायम स्वरूपाची असावीत आणि त्यांच्यासोबत घर असावे. निधीची वाटणी गरज आणि अंतर पाहून व्हावी. यांतील एकही मागणी स्वप्नाळू नाही. एका थंड, गरीब, वादळी द्वीपसमूहात त्यांतील बऱ्याच गोष्टी शंभर वर्षांपूर्वी अर्थसंकल्पात आल्या होत्या. त्या आल्या, कारण तेथल्या कुळांनी आधी आपले म्हणणे चव्हाट्यावर मांडले होते. ज्याला आता आपले नावही आठवत नाही, तो मोर्चा काढू शकत नाही. त्याच्या वतीने तो आपणच काढायचा आहे.