तुपाची शाई

गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईंत मराठी पंचांग छापलें. त्या काळीं, शाईंत चरबी असते म्हणून कित्येक सोंवळे गृहस्थ छापील कागदास शिवतही नसत. पुढें शाईंत तूप घालून धर्मग्रंथ छापले गेले, आणि विटाळाची ती भीति कोठल्या कोठें विरली.

आमच्या कांहीं विद्वानांस आज संगणकाचा तसाच विटाळ होतो. म्हणे, यंत्रावर टंकलेल्या अक्षरांत आत्मा उतरत नाहीं! बोरू गेला, टांक आला; टांक गेला, झरणी आली; तेव्हां हा आत्मा कोठें दडला होता, हें या पंडितांनीं एकदां सांगावें.

युनिकोडांत देवनागरीस १९९१ सालींच स्थान मिळालें. मराठी विकिपीडिया २००३ पासून सर्वांस खुला आहे. तेव्हां अडचण यंत्राची नाहीं, मनाची आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात दर्जा मिळतांच ज्यांनीं पेढे वांटले, त्यांनीं आपला एक तरी लेख पडद्यावर ठेविला आहे काय?

यंत्रानें आळस वाढतो, उचलेगिरी सोकावते, हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु त्यावर उपाय यंत्र ओळखून घेणें हा आहे. दार लावून बसणें हा नव्हे. आजचा विद्यार्थी प्रथम पडद्यावर शोधतो. तेथें जें सांपडत नाहीं, तें त्याच्या लेखीं नसतेंच. आपण सोंवळें राखावें आणि भाषा मात्र अडगळींत पडावी, हा कोठला भाषाभिमान?

तूप घालून कां होईना, पण त्या काळच्या भिक्षुकांनीं छापखाना आपलासा केला. आम्हां प्राध्यापकांनीं त्यांच्याही मागें राहावें काय?