आधी तपासा, मग बनवा

मुलांनो, घर बांधण्यापूर्वी आपण नकाशा नीट पाहतो. भिंत उभी राहिल्यावर चूक सुधारणे महाग पडते. संगणकाच्या चिपचेही तसेच आहे. सिलिकॉनवर उतरलेला आराखडा खोडता येत नाही. २०१८ साली ‘मेल्टडाउन’ हा दोष उघड झाला. अनेक वर्षे विकल्या गेलेल्या चिपांतून पासवर्डसारखी गुप्त माहिती चोरता येते, असे आढळले. वरवरची दुरुस्ती केली, तर काही संगणक मंदावले.

२०१९ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘अजित’ हा प्रोसेसर जाहीर केला. ही आनंदाची गोष्ट आहे. पण माझे मत असे, की वेगाआधी सुरक्षा तपासावी. तपासणीत वेळ जातो, असे काही जण म्हणतात. जाऊ द्या! भोकरच्या बँकेतील तुमच्या अब्बांची ठेवही चिपांच्याच भरवशावर आहे.