समुद्रतळाला लावलेले कान

२०११च्या जुलैत अमेरिकेच्या ऑरेगन किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटर आत, प्रशांत महासागरात एक संशोधन जहाज येऊन थांबलं. त्याच्या खाली, दीड किलोमीटर पाण्याच्या तळाशी ॲक्सिअल नावाचा ज्वालामुखी आहे. जहाजावरच्या मंडळींची त्याच्याशी जुनी ओळख होती आणि ती त्याची तब्येत पाहायला आली होती. दूरनियंत्रित यंत्र तळाशी उतरलं, कॅमेरे सुरू झाले आणि आपण भलत्याच जागी आलो की काय, अशी शंका त्यांना आली. ओळखीच्या खुणा गायब होत्या. मागच्या खेपेला ठेवलेली काही उपकरणं ताज्या लाव्ह्याखाली गाडली गेली होती. ज्वालामुखी एप्रिलमध्येच उसळून शांत झाला होता. जगात ज्यांच्यावर सर्वाधिक नजर असते अशा समुद्राखालच्या ज्वालामुखींपैकी हा एक, आणि त्याचा उद्रेक होऊन तीन महिने उलटले तरी कोणाला गंधवार्ता नव्हती.

चार वर्षांनी तोच ज्वालामुखी पुन्हा उसळला. तारीख होती २४ एप्रिल २०१५. या वेळी भूकंपमापकांनी एका दिवसात सुमारे आठ हजार धक्के नोंदवले. ज्वालामुखीच्या मुखाजवळचा तळ जवळजवळ अडीच मीटर खचला, आणि तो खचत असतानाच किनाऱ्यावर कळत होतं. पाण्याखालच्या मायक्रोफोनना लाव्हा पाण्याला भिडतानाचे हजारो स्फोट ऐकू आले, आणि लाव्हा नेमका कोणत्या बाजूला वाहतो आहे हेही त्यावरून समजलं. बिल चॅडविक आणि स्कॉट नूनर या शास्त्रज्ञांनी आदल्या वर्षीच २०१५मध्ये उद्रेक होईल असं सांगून ठेवलं होतं, तेही खरं ठरलं. जहाज नंतर गेलंच, पण कुठे शोधायचं ते आता ठाऊक होतं.

दोन उद्रेकांच्या मधल्या काळात एकच मोठी गोष्ट घडली होती. ऑरेगनच्या पॅसिफिक सिटी या किनारी गावातून निघालेली ऑप्टिकल फायबरची केबल ॲक्सिअलच्या माथ्यापर्यंत पोचली होती.

खोल समुद्रातली केबल दिसायला अगदीच सामान्य असते, बागेला पाणी घालायच्या नळीएवढी जाड. आत केसासारखे बारीक काचेचे धागे, भोवती पोलादी तारांचं चिलखत, तांब्याचं वेष्टन आणि वर प्लास्टिकचं आवरण. काचेतून माहिती जाते, तांब्यातून वीज. समुद्रविज्ञानाच्या दृष्टीने ही वीज माहितीइतकीच मोलाची आहे. एरवी तळाशी ठेवलेलं उपकरण बॅटरीवर चालतं, मोजलेलं सगळं पोटात साठवतं आणि जहाज येऊन उचलेपर्यंत गप्प बसतं. केबलला जोडलं की ते वर्षानुवर्षं जागं राहतं आणि बोलतंही. कॅनडाने व्हँकूव्हर बेटाजवळ २००९पासून सुमारे ८०० किलोमीटरचं असं वेटोळं चालवलं आहे. तिथले आकडे आणि समुद्रतळाचे व्हिडिओ कोणालाही पाहता येतात. पुण्या-कोल्हापुरातल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला वाटलं तर त्यालाही. आपल्याकडे आधी अर्ज, मग शिफारसपत्र, मग ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ आणि मग शांतता, हा क्रम अंगवळणी पडलेल्यांना हे जरा परग्रहावरचं वाटेल.

वैज्ञानिकांनी काचेच्या धाग्याला जुंपलं ते मुळात माहितीचं ओझं वाहायला. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. शेतांमध्ये उभ्या असलेल्या या तबकड्यांकडचे संकेत मधल्या इमारतीत एकत्र येतात ते ऑप्टिकल फायबरमधूनच. चिलीतल्या डोंगरावरच्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५मध्ये पहिली छायाचित्रं दाखवली. तिचा कॅमेरा ३२०० मेगापिक्सेलचा, आणि एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट माहिती जमवण्याची तिची तयारी आहे. काढलेलं प्रत्येक चित्र काही सेकंदांत कॅलिफोर्नियात पोचावं आणि आकाशात काही बदललं असेल तर मिनिटभरात जगाला कळावं, या बेतानेच सगळी यंत्रणा आखलेली आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या कणांच्या टकरींची माहिती येते आणि तिथल्या संगणकांवर तपासली जाते, तीही याच जाळ्यावरून.

जिथे काच पोचत नाही तिथे काय होतं, हे कृष्णविवराच्या पहिल्या चित्राने दाखवून दिलं. एप्रिल २०१७मध्ये जगभरातल्या आठ दुर्बिणींनी एकाच वेळी निरीक्षणं घेतली. माहिती इतकी प्रचंड, की ती पाठवण्याचा विचारच सोडून द्यावा लागला. सुमारे अर्धा टन हार्ड डिस्क खोक्यांत भरून विमानाने नेल्या. त्यातल्या दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क अडकल्या, कारण तिथे हिवाळ्यात विमानं उतरतच नाहीत. त्या हाती आल्या डिसेंबरमध्ये. ध्रुवावरच्या बर्फात ढीगभर डिस्क आणि त्यांची वाट पाहणारे जगभरचे खगोलशास्त्रज्ञ! चित्र जगासमोर आलं ते १० एप्रिल २०१९ला. हा उशीर काही फक्त डिस्कमुळे झाला नाही, पण त्यांचा वाटा होताच.

इथपर्यंतची कथा वेगाची आहे, आणि वेगाच्या कथा सरकारांना आवडतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: काचेचा धागा निरोप्याचं काम करता करता स्वतःच साक्षीदार झाला आहे.

काचेतून जाणाऱ्या प्रकाशलहरीला थरथरण्याची एक दिशा असते. केबल हलली, ताणली गेली, तापली की ही दिशा बदलते. त्यामुळे पलीकडच्या टोकाला संदेश वाचणं अवघड होतं. म्हणून आधुनिक केबलचा रिसीव्हर हा बदल सतत मोजतो आणि तिथल्या तिथे दुरुस्त करतो. मोजलेले आकडे काम झालं की फेकून देतात, कारण दूरसंचारवाल्यांच्या लेखी तो कचरा. कॅल्टेकचे भूकंपशास्त्रज्ञ झोंगवेन झान यांनी गूगलकडे नेमका तोच कचरा मागितला. लॉस एंजेलिसपासून चिलीच्या वालपराइसोपर्यंत जाणारी सुमारे दहा हजार किलोमीटरची क्युरी केबल त्यांनी निवडली. खोल समुद्रात तापमान जवळजवळ स्थिर असतं, वर्दळ नसते, त्यामुळे तिथे दिशा बदलली तर त्याला काहीतरी कारण असतं. नऊ महिन्यांत त्या आकड्यांत मध्यम ते मोठे असे वीसेक भूकंप सापडले, शिवाय समुद्राच्या लाटांची हालचालही दिसली. समुद्रात एकही नवं उपकरण टाकावं लागलं नाही. २०२१मध्ये हे प्रसिद्ध झालं. पाठोपाठ ब्रिटनच्या ज्युसेप्पे मार्रा आणि सहकाऱ्यांनी अटलांटिकमधल्या केबलवर दाखवलं, की प्रकाशाचं बळ वाढवणारे जे रिपीटर केबलमध्ये ठराविक अंतरावर असतात, त्यांच्या मधला प्रत्येक तुकडा स्वतंत्र सेन्सर म्हणून वापरता येतो. म्हणजे धक्का केबलच्या कोणत्या भागाला बसला तेही कळू लागलं.

जमिनीवरची तऱ्हा याहून थक्क करणारी आहे. फायबरच्या एका टोकातून लेसरचे स्पंद सोडायचे आणि काचेतल्या सूक्ष्म दोषांवरून परत येणारा क्षीण प्रकाश वाचायचा. मग शंभर किलोमीटरच्या धाग्यावर दर काही मीटरला एक भूकंपमापक बसवल्यासारखं होतं. आइसलँडमध्ये ग्रिंडाविक गाव नोव्हेंबर २०२३मध्ये रिकामं करावं लागलं. त्यानंतर तिथल्या टेलिफोनच्या फायबरवरून मॅग्मा जमिनीखाली सरकताना दिसू लागला आणि उद्रेकाआधी कधी अर्धा तास, कधी काही तास सूचना मिळू शकली. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळ समुद्रातही याच तंत्राने देवमाशांचे आवाज टिपले गेले.

तसं पाहिलं तर समुद्राखालची केबल शंभर वर्षं साक्ष देत आली आहे, फक्त मरताना. १९२९मध्ये न्यूफाउंडलँडजवळ ग्रँड बँक्सचा भूकंप झाला तेव्हा तारायंत्राच्या बारा केबल एकामागून एक तुटल्या. कोणती केव्हा तुटली याच्या नोंदी होत्या. त्यांवरून हीझन आणि यूइंग या शास्त्रज्ञांनी १९५२मध्ये समुद्रतळावरून धावलेल्या गाळाच्या लोंढ्याचा वेग काढला. जानेवारी २०२२मध्ये टोंगाजवळचा ज्वालामुखी फुटला, तेव्हा देशाला फिजीशी जोडणारी ८२७ किलोमीटरची केबल तुटली. टोंगाची माणसं जवळजवळ पाच आठवडे जगापासून तोडली गेली. तुटण्याच्या वेळांवरून तिथल्या लोंढ्याचा वेग निघाला तासाला १२२ किलोमीटर. माहिती मोलाची, पण केबलने मरण्याऐवजी आधी बोलावं हे बरं.

जपानने हा धडा फार महागात घेतला. ११ मार्च २०११च्या भूकंपाची तीव्रता सुरुवातीला ७.९ धरली गेली, प्रत्यक्षात ती ९ होती. पहिल्या इशाऱ्यात इवाते किनाऱ्याला तीन मीटरची लाट सांगितली होती. आली ती कितीतरी मोठी. तीन मीटरच ना, आपली भिंत त्याहून उंच आहे, असा हिशेब करणाऱ्यांना तो आकडा भोवला. त्यानंतर जपानने ईशान्य किनाऱ्यासमोर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर केबलवर १५० ठिकाणी भूकंपमापक आणि पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं बसवली. त्यामुळे भूकंप अर्धं मिनिट आधी आणि त्सुनामी वीस मिनिटांपर्यंत आधी कळू शकते असं तिथली संस्था सांगते. ज्याने डोंगर चढून जायचं आहे त्याला वीस मिनिटं म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता आपल्या दाराशी येऊ. २६ डिसेंबर २००४ला सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ जमीन फाटली आणि फाटत फाटत अंदमानपर्यंत आली. चेन्नईला लाट पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. तेवढ्या अवधीत इशारा देता आला असता, तो देणारी यंत्रणा नव्हती. कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावरच्या कुटुंबांना मात्र मिनिटंच मिळाली. ऑक्टोबर २००७मध्ये हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं आणि ते चोख काम करतं, यात वाद नाही. पण त्याची समुद्रातली भिस्त मुख्यतः तरंगत्या बोयांवर आहे. बोयाची बॅटरी संपते, खारं पाणी त्याला खातं, मासेमारीच्या बोटी त्याला दोर बांधतात, आणि दुरुस्तीला जहाज पाठवावं लागतं. तरी चेन्नईचा प्रश्न बोयांनी सुटेल. निकोबारला गरज आहे ती फाटणाऱ्या जागेशेजारी सतत जागं असणाऱ्या कानाची.

आणि नेमक्या त्याच पट्ट्यातून आपण केबल टाकली आहे. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला आणि पुढे लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा, ग्रेट निकोबारला जाणारी सुमारे २३०० किलोमीटरची केबल १० ऑगस्ट २०२०ला सुरू झाली. खर्च १२२४ कोटी. जानेवारी २०२४मध्ये कोचीहून लक्षद्वीपला दुसरी गेली. दोन्ही उत्तम प्रकल्प. बेटांवरच्या मुलांना वर्ग मिळाले, दवाखान्यांना दूरचे डॉक्टर मिळाले. पण दोन्हींची ओळख इंटरनेट म्हणून झाली आणि तिथेच थांबली. पोर्तुगालचा प्रश्न अगदी आपल्यासारखाच: मुख्य भूमीपासून दूर असलेली अझोरेस आणि मडेइरा बेटं, आणि १७५५च्या लिस्बन भूकंपाची आठवण. जुनी केबल बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी नव्या केबलच्या करारातच सेन्सर घातले. न्यू कॅलेडोनिया आणि वनुआटू यांनीही तसंच ठरवलं आहे. अंदमानजवळ वेधशाळेची केबल टाकण्याच्या योजनेची चर्चा आपल्याकडेही आहे. ती व्हावीच. मात्र ती कागदावरून पाण्यात उतरेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

घोडं पेंड खातं ते दोन ठिकाणी. एक कायदा. आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्यात केबल टाकण्याला मोकळीक आहे, पण दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात समुद्राचं संशोधन करायचं तर त्या देशाची परवानगी लागते. सेन्सर लावला की आपली केबल पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात जाईल, अशी भीती कंपन्यांना असते. आपल्याच बेटांकडे जाणाऱ्या केबलला ही अडचण फारशी नाही. दुसरं नौदल. तळाला कान लावला की पाणबुड्याही ऐकू येणार, ही शंका रास्तच आहे. पण ॲक्सिअलच्या केबलवरच्या मायक्रोफोनची माहिती अमेरिकी नौदल आधी चाळून घेऊ शकतं, गरज पडली तर काही तास वळवतंही. बाकीचं जगाला खुलं राहतं. नौदल आणि वैज्ञानिक एका तारेवर नांदू शकतात, हे त्या किनाऱ्यावर सिद्ध झालेलं आहे.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. चेन्नई, पोर्ट ब्लेअर आणि ग्रेट निकोबारवरचं कॅम्पबेल बे इथल्या केबल स्टेशनांतल्या रिसीव्हरनी मोजलेले प्रकाशाच्या दिशाबदलाचे आकडे फेकून न देता साठवावेत आणि हैदराबादच्या केंद्राला द्यावेत. त्याला ना जहाज लागतं, ना नवी केबल. लागते ती दिल्लीत अशोक रोडवरच्या दूरसंचार खात्याच्या संचार भवनाने लोधी रोडवरच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या पृथ्वी भवनाला लिहिलेली एक चिठ्ठी. पहिलं वर्ष या आकड्यांत गोंधळच असेल: उथळ पाण्यातल्या लाटा, भरती-ओहोटी, किनाऱ्याजवळ ओढले जाणारे नांगर. या कोलाहलातून भूकंप वेगळा ओळखायला पाच-दहा तरुण संशोधक बसवावे लागतील. त्यांतला एखादा कोल्हापूरचा किंवा पोर्ट ब्लेअरचा असेल, तर त्याला ते आकडे अर्ज न करता मिळाले पाहिजेत.