एका दिवसाचे पाहुणे

"एका दिवसात काय डोंबल बघणार?" असं विचारणारी एक जमात आपल्याकडे आहे. ही मंडळी कंपनीच्या खर्चानं परदेशात पंधरा-पंधरा दिवस राहतात आणि परत आल्यावर हॉटेलातल्या नळाचं वर्णन करतात. स्वस्तातलं तिकीट काढून, दशम्यांची पिशवी खांद्याला लावून सकाळी जाणारा नि संध्याकाळी परतणारा माणूस त्यांच्या लेखी प्रवासीच नव्हे. तो नुसताच 'जाऊन आलेला'!

या मंडळींना माझी नम्र सूचना आहे : ग्रीसमधल्या डिलॉस बेटावर एकदा मुक्काम करून दाखवा.

मिकोनोसहून बोटीनं अर्ध्या तासावर हे बेट. विस्तार जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. अपोलो देव जन्मला तो इथं, अशी ग्रीकांची श्रद्धा. पण देव जन्मला तिथं माणसांनी जन्मू नये, हा अथेन्सकरांचा खाक्या! इसवी सनापूर्वी 426 मध्ये त्यांनी तिथली थडगी उकरून शेजारच्या बेटावर हलवली आणि फर्मान काढलं : यापुढं इथं कुणी जन्मायचं नाही, मरायचंही नाही. चार वर्षांनी रहिवाशांनाच हाकललं. आजही पर्यटकाला तिथं रात्री राहायला मनाई आहे. मिकोनोसमध्ये एका रात्रीला माझ्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढे पैसे मोजणारा शेटजी आणि मी दशमीवाला, दोघांनाही वेळ संपली की "चला, निघा!"

तिथं एका दिवसाचे पाहुणे काही आजचे नाहीत. इसवी सनापूर्वी 166 च्या सुमारास रोमनं डिलॉसला जकातमाफ बंदर केलं आणि गुलामांचा बाजार तेजीत आला. एका दिवसात हजारो गुलाम उतरवून, विकून, रवाना करता येत, असं स्ट्रॅबो हा प्राचीन भूगोलकार लिहितो. सकाळी आले, संध्याकाळी गेले. मुक्कामाला राहिले ते व्यापारी. त्यांच्या घरांतल्या रंगीत दगडांच्या नक्षीदार जमिनी आज आपण "वा वा" करत बघतो. विकले गेले त्यांचं नावही कुणाला ठाऊक नाही.

आता सांगा, बेट कुणाला जास्त कळलं असेल? अंगणात नक्षी काढून घेणाऱ्या शेटला, की धक्क्यावर दिवसभर उन्हात उभं राहिलेल्याला?

तेव्हा मुक्कामाच्या रात्री मोजून माणसाची लायकी ठरवणं बंद करा. आम्ही एक दिवस गेलो, पण तो दिवस पदरच्या पैशांनी विकत घेतलेला होता. म्हणून त्यातला मिनिट न् मिनिट डोळे उघडे ठेवून वापरला. पैसे थोडे असले की दृष्टीही थोडी असते, हे तुम्हांला कुणी सांगितलं?

नळाचं वर्णन मात्र आम्हांला जमणार नाही. तेवढं तुमच्याकडे.