अंगावर उठते ते पित्त नव्हे

अंगावर लाल चट्टे उठले की आपल्या घरात म्हणतात, पित्त उठले. मग आमसुलाचे पाणी लावायचे, घोंगडी पांघरून बसायचे. आम्हीही लहानपणापासून हेच पाहत आलो. पण या चट्ट्यांचा पित्ताशी काही संबंध नाही, आणि हा गैरसमज कधी कधी जिवावर बेततो.

मग शरीरात घडते काय? आपल्या त्वचेत, नाकात, श्वासनलिकांत आणि आतड्यांत मास्ट पेशी असतात. मधमाशीचे विष, शेंगदाणा, कोळंबी, पेनिसिलिन यांपैकी ज्याची ॲलर्जी असेल ते शरीरात गेले, की या पेशी काही मिनिटांतच आतली रसायने बाहेर सोडतात. पहिले हिस्टामिन. हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९१० मध्येच त्याचे परिणाम दाखवून दिले होते. त्याने खाज सुटते, रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतले पाणी झिरपून अंग सुजते. त्यामागोमाग ल्युकोट्राइन तयार होते. ते श्वासनलिका आवळते, आणि हे काम हिस्टामिनपेक्षा कितीतरी जोराने करते.

सेट्रिझिनची गोळी फक्त हिस्टामिनला अडवते, तीही उशिराने. नुसती खाज असेल तर ठीक. पण ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घरघरू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गोळीची वाट पाहू नका. तिथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनच लागते, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ते रक्तदाब सावरते आणि श्वासनलिका मोकळ्या करते. ताबडतोब १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करा. धाप लागली असेल तर बसू द्या. चालवत मात्र नेऊ नका.

ॲड्रेनॅलिन हे काही महागडे औषध नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे: जिथे सुई टोचली जाते, मग तो वस्तीतला छोटा दवाखाना असो की सरकारी आरोग्य केंद्र, तिथे ते हाताशी असलेच पाहिजे. सुई घेण्याआधी तसे विचारा. घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसा. पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला ते चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांना प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो आपला हक्क आहे.