पिशवी काढण्यापूर्वी

‘पिशवी खराब झाली आहे, काढून टाकलेली बरी’ हा सल्ला महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात इतक्या सहजपणे दिला जातो आणि तितक्याच सहजपणे स्वीकारलाही जातो, की तेच जणू रोगाचे निदान आहे असे वाटावे. वस्तुतः ‘पिशवी खराब होणे’ या नावाचा कोणताही रोग वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही. अंगावरून अधिक जाणे, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, कंबर भरून येणे या तक्रारींची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक कारणाचा उपचार वेगळा असतो. त्यांपैकी पुष्कळदा आढळणारे एक कारण म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी गाठ. शासकीय परिभाषेने तिला कोणतेही नाव दिलेले असो, लोक तिला ‘फायब्रॉइड’ किंवा नुसतीच ‘गाठ’ म्हणतात. या गाठीवर उपचारांचे किती मार्ग आज उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी किती मार्ग सामान्य स्त्रीच्या कानावर घातले जातात, हा प्रश्न आता केवळ वैद्यकाचा राहिलेला नाही.

गाठ म्हटले की कर्करोग, असे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसलेले आहे. या समीकरणाचा लाभ कोण उठवतो हे सांगावयास नको. पण फायब्रॉइड ही स्नायुपेशींची साधी गाठ असते. ती मोहरीच्या दाण्याएवढी असू शकते, नारळाएवढीही असू शकते. एक असू शकते, तशा अनेकही. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयात अशी लहानमोठी गाठ निर्माण झालेली असते आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना तिचा पत्ताही नसतो. स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांवर ही गाठ पोसली जाते. म्हणून पाळी कायमची थांबली की ती आपोआप आक्रसू लागते. कर्करोग निघण्याचे प्रमाण अत्यंत विरळ आहे. पाळी थांबल्यानंतरही गाठ वाढत राहिली, तर मात्र तातडीने तपासणी करावयास हवी, हे खरे. परंतु तिशीतल्या स्त्रीच्या सोनोग्राफीच्या कागदावर तीन सेंटिमीटरची गाठ दिसली म्हणून ‘पुढे कॅन्सर होईल’ असे तिला सांगणे म्हणजे निदान करणे नव्हे, धाक घालणे होय.

त्रास नसलेल्या गाठीला बहुधा उपचारच नको असतात. ठरावीक काळाने तपासणी पुरते. त्रास होतो तो मुख्यतः गाठ कोठे आहे यावरून. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराखाली वाढणारी बोराएवढी गाठही रक्तस्राव बेसुमार वाढवू शकते, तर बाहेरच्या बाजूची लिंबाएवढी गाठ वर्षानुवर्षे मुकाट पडून राहते. रक्तस्राव हीच मुख्य तक्रार असेल, तर पहिला उपाय औषधांचा. पाळीच्या जास्त जाण्याच्या दिवसांपुरत्या घ्यावयाच्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या हे त्यांतील सर्वांत साधे औषध. उताको ओकामोतो या जपानी संशोधिकेने आपल्या पतीच्या सहकार्याने ते शोधून १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रिया वाचाव्यात हा तिचा ध्यास होता. आज हे औषध भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. दुसरा उपाय म्हणजे संप्रेरक सोडणारी तांबी. गर्भाशयात एकदा बसवली की ती पाच वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ काम करते आणि रक्तस्राव लक्षणीय प्रमाणात कमी करते. गाठीमुळे गर्भाशयाची पोकळी वेडीवाकडी झाली असेल, तर ती निसटण्याचा संभव असतो एवढेच. याखेरीज संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. गाठ काही महिन्यांपुरती आक्रसून टाकणारी इंजेक्शने आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त भरून काढण्यास तेवढा अवधी त्यांनी मिळतो. अमेरिकेत २०२० नंतर तोंडाने घ्यावयाची नवी औषधेही मान्य झाली आहेत.

औषधांनी भागले नाही, तरी थेट गर्भाशयावरच सुरी चालवावी लागते असेही नाही. आतल्या बाजूची गाठ योनिमार्गे दुर्बीण घालून, पोटावर एकही छेद न देता काढता येते. इतर गाठी पोटावरील दुर्बिणीने किंवा पोट उघडून, गर्भाशय शाबूत ठेवून काढता येतात. ही शस्त्रक्रिया कालपरवाची नव्हे. लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर बॉनी यांनी १९२० नंतरच्या काळात ती सुरक्षित करण्यासाठी खास चिमटा तयार केला आणि गाठी काढून गर्भाशय राखण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. त्यामागे स्वतःच्या घरातील एक दुःख होते: त्यांच्या पत्नीचे गर्भाशय अशाच गाठींपायी विवाहानंतर लवकरच काढावे लागले होते. पुढे पॅरिसच्या जाक राविना यांनी निराळीच वाट दाखवली. गाठींच्या शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून त्यांनी रुग्ण स्त्रियांच्या गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आधीच बारीक कणांनी बंद करण्यास आरंभ केला. तर कित्येक स्त्रियांचा त्रास तेवढ्यानेच शमला आणि ठरलेली शस्त्रक्रिया रद्द करावी लागली. १९९५ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून ही पद्धत जगभर रूढ झाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ती आज उपलब्ध आहे. ध्वनिलहरी एकवटून गाठ जाळण्याचे तंत्रही आले आहे. या प्रत्येक मार्गाला मर्यादा आहेत: गर्भाशय राखले की गाठी पुन्हा उद्भवू शकतात, आणि ज्या स्त्रीला पुढे मूल हवे आहे तिच्यासाठी रक्तवाहिन्या बंद करण्याची पद्धत सहसा प्रथम सुचवली जात नाही. तरीही मार्ग आहेत, आणि ते पुष्कळ आहेत.

मग बीड जिल्ह्यात जे घडले ते कसे घडले? २०१९ च्या एप्रिलमध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची बातमी वृत्तपत्रांतून गाजली. त्याच वर्षी जूनमध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितले, की बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या चौकशीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात ३.२ टक्के होते. वयोगट आणि पद्धती यांतील फरकामुळे ही तुलना तंतोतंत धरता येणार नाही. परंतु अंतर एवढे मोठे आहे की पाहणीच्या तांत्रिक फरकांनी ते झाकले जाणार नाही. या सर्व शस्त्रक्रिया गाठींसाठी झाल्या असेही नव्हे. कित्येकींची तक्रार पांढरे जाण्याची होती. ती बहुधा औषधाने बरी व्हावयाची, आणि पाणी व स्वच्छतागृह मिळाले असते तर कदाचित उद्भवलीही नसती.

ऊसतोडीचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात गूढ वाटणार नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि दिवाळीच्या सुमारास निघून मार्च-एप्रिलपर्यंत ती अंगमेहनतीने फेडावयाची. पहाटे फडात उतरावयाचे, मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरावयाच्या, आणि रात्री कोपीत येऊन चूल पेटवावयाची. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढावयाचे. ज्या बाईला महिन्यातून चार-पाच दिवस रक्तस्रावाने उभे राहवत नाही, तिच्या घराला तो रक्तस्राव म्हणजे वाढते कर्ज. अशा वेळी ‘एकदाची काढून टाका, कटकट मिटेल’ असे सांगणारा डॉक्टर तिला उपकारकर्ता वाटला, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? पुन्हा, लग्न लवकर, मुले लवकर, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही लवकर; तेव्हा पंचविशी-तिशीतच ‘आता पिशवीचे काम काय?’ हा प्रश्न घरातून निघतो. सासू विचारते, नवरा विचारतो, कधी बाई स्वतःच विचारते. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल घ्यावयाची आणि तीही उसातच फेडावयाची, हा या हिशेबातील शेवटचा आकडा.

पिशवीचे काम काय, या प्रश्नाला उत्तर आहे. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढून टाकले, तर स्त्रीला एका दिवसात पाळी थांबण्याचे वय येते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. बीजकोश जागेवर ठेवले, तरी ते काही वर्षे आधी थकतात असे दिसून आले आहे. तिशीत ही शस्त्रक्रिया झालेल्या आणि पुन्हा कोयता घेऊन फडात उभ्या राहणाऱ्या स्त्रीच्या कंबरदुखीचा मागोवा पुढे कोण घेणार? टाके काढले की रुग्णालयाचा संबंध संपतो.

हा केवळ बीडचा दोष आहे असे समजून इतरांनी सुस्कारा सोडण्याचे कारण नाही. २०११-१२ च्या सुमारास राजस्थान, बिहार आणि छत्तीसगड येथे अशीच प्रकरणे बाहेर आली. बिहारमध्ये तर गरिबांसाठी काढलेल्या आरोग्य विमा योजनेचे तीस हजार रुपये हेच अनेक शस्त्रक्रियांचे खरे कारण ठरले. विमा शस्त्रक्रियेचे पैसे देतो, गोळ्यांचे देत नाही. मग काय सुचवले जाईल हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय दिला आणि केंद्राने २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. राष्ट्र, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आणि खासगी रुग्णालयांकडूनही प्रत्येक शस्त्रक्रियेची माहिती, असे त्यांचे स्वरूप आहे. न्यायालयाने हा प्रश्न स्त्रीच्या आरोग्याच्या मूलभूत अधिकाराशी जोडला, ही गोष्ट मोलाचीच.

परंतु देखरेख म्हणजे निव्वळ मनाई असा अर्थ लावला गेला, तर नवीच आपत्ती ओढवेल. बीडमध्ये २०१९ नंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय गर्भाशय काढण्यास बंदी झाली. हेतू चांगला; पण जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास परवाना लागत नाही. शिवाय, काही स्त्रियांना ही शस्त्रक्रिया खरोखरच हवी असते. पंचेचाळिशीची शिक्षिका आहे, गर्भाशय पाच महिन्यांच्या गरोदरपणाएवढे वाढले आहे, रक्त सहा ग्रॅमवर आले आहे, औषधे करून झाली आहेत. तिने सारे मार्ग समजून घेऊन गर्भाशय काढून टाकण्याचे ठरवले, तर तो तिचा विवेकपूर्ण निर्णय आहे आणि त्याने तिचे पुढचे आयुष्य सुखाचे होईल. तिला परवानगीच्या कागदासाठी चार खेटे घालावयास लावणे हाही अन्यायच. प्रामाणिक डॉक्टरही पुष्कळ आहेत. तालुक्याच्या गावी एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ, दुर्बिणीची साधने नाहीत, रक्तपेढी दूर, आणि रुग्ण पुन्हा तपासणीला येईल याची शाश्वती नाही, अशा स्थितीत तो ठाऊक असलेल्या मार्गाने जातो. त्याला शिव्या देणे सोपे आहे. त्याच्या हाती दुसरे साधन देणे कठीण आहे आणि खर्चाचे आहे.

महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ ची राष्ट्रीय पाहणी सांगते. त्यांतील कितीजणींचे रक्त दरमहा गाठींपायी वाहून जाते, याचा शोध घेण्याचे साधन प्राथमिक आरोग्य केंद्रात असावयास हवे. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरल्या दिवशी सोनोग्राफी, औषधपेटीत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड आणि लोहाच्या गोळ्या, आणि संप्रेरकांची तांबी विनामूल्य, एवढी सोय झाली तरी शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत जाणाऱ्या कितीतरी स्त्रिया मध्येच थांबतील. ही तांबी बाजारात काही हजार रुपयांना पडते; शस्त्रक्रियेला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो. शासन विम्यातून दुसरा खर्च आनंदाने देते आणि पहिल्याला हात आखडता घेते, हे अर्थशास्त्र कोणत्या शाळेत शिकवले जाते?

खासगी रुग्णालयांच्या बाबतीत महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारला नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्यावरच येथे काम चालते. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारून रुग्णांच्या हक्कांची सनद त्यांत घातली गेली. त्या सनदेला अर्थ यावयाचा असेल, तर संमतीच्या कागदावर, शस्त्रक्रियेखेरीज कोणते मार्ग सांगितले गेले आणि ते का नाकारले गेले, हे मराठीत लिहिलेले असावे व ते स्त्रीला वाचून दाखवावे. काढलेले प्रत्येक गर्भाशय विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तपासले जावे आणि अहवाल जिल्हा समितीकडे जावा. शस्त्रक्रियेपूर्वीचे निदान आणि प्रयोगशाळेचा अहवाल शेजारी शेजारी ठेवले, की कोणत्या रुग्णालयात निरोगी गर्भाशये निघत आहेत हे वर्षाच्या आत दिसू लागेल.

आणि टोळ्या निघण्यापूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गावातच प्रत्येक ऊसतोड स्त्रीची रक्ततपासणी व्हावी. तिचे औषधाचे कार्ड तिच्याबरोबर कारखान्याच्या गावी जावे आणि तेथील आरोग्य केंद्राने ते मानावे. कारखान्यांनी फडाजवळ पाण्याची आणि आडोशाची सोय करावी. पाळीच्या दिवसांतील गैरहजेरीचा खाडा धरला जाणार नाही, ही अट मुकादम आणि कारखाना यांच्या करारात लेखी यावी. तोंडी आश्वासन मुकादमाच्या वहीत चढत नसते.